साडूभाऊंचं अवाजवी वर्तन

आमच्या साडूंशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वाद घालून थकलेली माणसं मात्र मी अमेरिकेच्या तीन राज्यांत पाहिली आहेत, आणि त्या यादीत पहिलं नाव माझं आहे. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि रोज सकाळी सव्वासहाला मला फोन करतात. फोनवर ते हॅलो म्हणत नाहीत, "मुद्दा पहिला" म्हणतात. मुद्दे कधी तीन असतात, कधी सात. एकदा हिला ताप होता म्हणून मी म्हटलं, "साडूभाऊ, आज दोनच मुद्दे घ्या." त्यांनी खरोखर दोनच घेतले आणि दुसऱ्याला अ पासून ऊ पर्यंत पोटकलमं पाडली. त्यांच्या मुलीच्या लग्नात आशीर्वादाची दोन वाक्यं बोलण्यासाठी त्यांच्या हातात माइक दिला, तेव्हा जावयाकडची अमेरिकन मंडळी वही-पेन कुठे मिळेल ते बघायला लागली होती. चार मुद्दे झाले. पाचवा ताईंनी माइक काढून घेतल्यामुळे राहून गेला, तो त्यांनी जावयाला नंतर टपालानं पाठवला.

"लेखी द्या" हे त्यांचं पालुपद. दाताच्या डॉक्टरनं दाढ किडली आहे म्हटलं की लेखी द्या. गणपतीत मंडळाच्या स्वयंसेवकानं मसालेभात संपला म्हटलं की लेखी द्या. या माणसाबरोबर पस्तीस वर्षं संसार करून ताईसुद्धा आता सरावल्या आहेत. त्यांच्या फ्रिजवर रोज सकाळी एक चिठ्ठी लावलेली असते. "आज पिठलं-भात. हरकत असल्यास अकरापर्यंत कळवणे." साडूभाऊ ती वाचतात, खाली "पाहिले" असं लिहून सही करतात आणि मगच चहा घेतात. त्यांच्या वसाहतीच्या समितीनं एकदा नोटीस पाठवली की तुमचा कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, तो आत घ्यावा. दुसऱ्या कोणीही डबा आत घेतला असता. साडूभाऊंनी चारही दिशांनी, बसून आणि उभं राहून फोटो काढले आणि साडेसहा फुटांपेक्षा उंच माणूस पदपथावर टाचा वर करून उभा राहिल्याशिवाय सदर डबा दिसू शकत नाही, हे चौदा पानांत सिद्ध केलं. समितीच्या अध्यक्षांनी माफीचं पत्र पाठवलं आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपद सोडलं. या दोन गोष्टींचा संबंध नाही, असं साडूभाऊ म्हणतात.

पण माणूस नुसता तिरसट असता तर मी कधीच फोन उचलायचा थांबलो असतो. हिवाळ्यात बर्फ पडला की ते फावडं घेऊन निघतात, आपला ड्राइव्हवे साफ करतात, मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा, मग दोन गल्ल्या चालत येऊन आमचा. मशीन घेत नाहीत. मशीन कडेला बर्फ सोडतं, असं त्यांचं म्हणणं. कडा इतक्या सरळ काढतात की तिथे पट्टी लावून बघावी. आणि काम झाल्यावर दाराच्या फटीत एक कागद सरकवून जातात. आमचा मराठीत असतो. "सदर बर्फ मी केवळ व्यायामाच्या हेतूने काढला असून यापुढेही तो काढला जाईल असा कोणताही समज करून घेऊ नये." गेली नऊ वर्षं तो प्रत्येक वेळी काढला जातो आणि प्रत्येक वेळी तो समज करून न घेण्याची नोटीस मिळते. ही त्या नोटिसा स्वयंपाकघरातल्या खणात ठेवते. का, ते मला माहीत नाही, मी लेखी विचारलेलं नाही.

त्यांची नोकरीही त्यांच्या स्वभावाला शोभेल अशीच होती. शिकागोच्या पश्चिमेला, इस्पितळांच्या बॉयलरला लागणारे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं क्वालिटीचं काम बघत होते. माल तपासायचा, बरोबर असेल तर कागदावर सही करायची. त्यांच्या सहीशिवाय व्हॉल्व्ह दाराबाहेर पडत नसे, आणि त्यांची सही लवकर मिळत नसे. एकदा त्यांनी एक अख्खा लॉट चार दिवस अडवून धरला. मॅनेजर येऊन ओरडून गेला, ट्रकवाला शिव्या देऊन गेला. पाचव्या दिवशी चाचणीत त्यातला एक व्हॉल्व्ह अडकला. उघडायला हवा होता तेव्हा उघडला नाही. साडूभाऊंनी फक्त डायरीत वेळ लिहून ठेवली. अशा बावीस वर्षांच्या बावीस डायऱ्या त्यांच्या बेसमेंटमध्ये आहेत.

त्या माणसाला कंपनीनं अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढून टाकलं. अकरा हा आकडा त्यांचाच, त्यांनी घड्याळ लावलं होतं. वय एकसष्ट. महिन्याभरात त्यांची जागा पदाचं नाव बदलून एका चौतिशीतल्या माणसाला दिली. इथे हे होतं, आमच्या ओळखीत दर दोन घरांत एकाचं झालेलं आहे. कंपनी एक कागद आणि काही महिन्यांचा पगार पुढे करते, तुम्ही सही करता आणि घरी जाऊन रेझ्युमे काढता. साडूभाऊंनी कागद वाचला. त्यात एका रकान्यात लिहिलं होतं, काढण्याचं कारण, कामाचा वेग अपेक्षेपेक्षा कमी. त्यांनी विनंती केली की एवढी ओळ काढा, मी सही करतो. एचआरच्या बाई म्हणाल्या की फॉर्म सिस्टिममध्ये क्लोज झाला आहे, आता बदल करता येणार नाही. साडूभाऊ म्हणाले, "हे मला लेखी द्या."

तिथून पुढची तीन वर्षं कुठे गेली, ते मला विचारू नका.

नोकरीच्या करारातच लिहिलेलं होतं की तंटा झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादापुढे जायचं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल देणारी एक निवृत्त न्यायाधीश बाई. तिचं ऑफिस शिकागोत एका उंच इमारतीत. साडूभाऊंनी वयामुळे काढल्याची तक्रार तिच्यापुढे ठेवली. सुरुवातीला एक वकील केला होता. साडूभाऊंनी त्याच्या पहिल्या मसुद्यात बत्तीस दुरुस्त्या सुचवल्या, दुसऱ्यात एक्केचाळीस. तिसरा मसुदा आलाच नाही, दोन ओळींचं पत्र आलं की माझ्या शुभेच्छा तुमच्याबरोबर आहेत. मग साडूभाऊ स्वतःच स्वतःचे वकील झाले, आणि मी त्यांचा ड्रायव्हर, हमाल, झेरॉक्सवाला आणि श्रोता. त्या काळात मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा "माझा मुद्दा पहिला" म्हणायला लागलो होतो. ही म्हणाली, "तू ऐकू नकोस त्यांचं सगळं." पण त्यांचं अर्धं ऐकायची सोयच नसते.

कंपनीच्या वकीलबाई तरुण आणि हुशार होत्या, आणि पहिल्या वर्षी हसतमुखही होत्या. त्यांनी विचारलं की तुमच्या कामाचं स्वरूप थोडक्यात सांगा, कागदपत्र असल्यास जोडा. साडूभाऊंनी बावीस डायऱ्यांची प्रत्येक पानाची प्रत जोडली. ती खोकी मी वाहिली आहेत, त्यामुळे आकडा सांगत नाही, माझी कंबर सांगेल. पुढे त्यांच्या ऑफिसात साडूभाऊंची शपथेवर जबानी घेतली. मी बाहेर सोफ्यावर ताईंनी दिलेला मेथीच्या पराठ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. सात तास. आतून मधूनमधून आवाज येत होता. वकीलबाई विचारायच्या, "तो दिवस तुम्हाला आठवतो का?" साडूभाऊ म्हणायचे, "आठवणं याची तुमची व्याख्या काय?" सात तासांत तीन प्रश्नांची उत्तरं झाली. बाहेर आल्या तेव्हा वकीलबाईंचा हसतमुखपणा संपलेला होता. लिहून घेणाऱ्या स्टेनोग्राफरला तर मी अर्धा पराठा दिला आणि तिनं तो उभ्याउभ्या खाल्ला.

कंपनीनं तीनदा तडजोडीची रक्कम देऊ केली. तिसऱ्या वेळची चांगली घसघशीत होती. एका रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या डायनिंग टेबलाभोवती बसलो. ताई, ही, मी, आणि स्पीकरफोनवर त्यांची लांब कॅरी गावात राहणारी मुलगी. ती म्हणाली, "बाबा, जस्ट टेक इट अँड मूव्ह ऑन, प्लीज. यू आर टायर्ड. आई इज टायर्ड." साडूभाऊंनी विचारलं की या रकमेबरोबर ती ओळ निघणार आहे का. निघणार नव्हती. मग मी तोंड उघडलं, ते उघडायला नको होतं. म्हटलं, "साडूभाऊ, एका ओळीसाठी माणूस तीन वर्षं घालवत नाही हो."

ते माझ्याकडे वळले. "मुद्दा पहिला, ती ओळ मी लिहिलेली नाही. मुद्दा दुसरा, ती माझ्या नावाखाली आहे." तिसऱ्यासाठी त्यांनी बोट वर केलं आणि तसंच खाली घेतलं.

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, आणि का आला हे मला पक्कं माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी मलाही असाच एक कागद मिळाला होता. त्यात लिहिलं होतं की परस्पर संमतीनं मी नोकरी सोडत आहे. माझी संमती कोणी विचारली नव्हती. मी तो पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या बॉनेटवर ठेवून दहा मिनिटांत सही करून दिला आणि घरी येताना मुलांसाठी पिझ्झा घेतला. मी सही करणारा माणूस आहे. माझ्यासारख्या माणसाला साडूभाऊंसारखा माणूस रोज सव्वासहाला फोन करत असेल तर राग येणारच.

आता फराळाचं सांगतो, कारण त्यानंच सगळा घोळ केला. साडूभाऊंचा नियम असा की वर्षभरात ज्याच्याशी आपला कागदी व्यवहार झाला, त्याला दिवाळीचा डबा द्यायचा. पोस्टमनला, ग्रंथालयातल्या बाईंना, दातांच्या डॉक्टरला, आणि कचऱ्याच्या डब्यावरून ज्यांना चौदा पानं पाठवली त्या अध्यक्षांनासुद्धा. "भांडण चालू असतं म्हणून काय दिवाळी थांबते?" असं विचारतात, आणि यावर काय बोलणार? तर तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी तीन डबे जास्तीचे भरले. एक त्यांना काढून टाकणाऱ्या एचआरच्या बाईंना, एक कंपनीच्या वकीलबाईंना आणि एक लवादबाईंना. ताई आणि ही दोघी चकल्या पाडत होत्या, साडूभाऊ स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंकरपाळे तोलत होते. तिन्ही डब्यांत सारखंच हवं. एका डब्यातली एक चकली भरताना मोडली, तेव्हा त्यांनी उरलेल्या दोन डब्यांतलीही एकेक चकली मोडून ठेवली. ही कपाळावर पिठाचा हात मारून बाहेर गेली. प्रत्येक डब्यावर पत्र होतं. चकल्या बारा, बेसनाचे लाडू सहा, शंकरपाळे, चिवडा. सूचना, शेंगदाणे आहेत. या डब्याचा चालू प्रकरणाशी कोणताही संबंध नाही. प्रत सर्व पक्षांना रवाना. मीच तिन्ही डबे पोस्टात टाकून आलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथे कबूल करतो. आपल्यातल्या कोणालाच वाटलं नसतं.

जानेवारीत मुख्य निकाल लागला. साडूभाऊ हरले. वयामुळेच काढलं हे सिद्ध होत नाही, असं लवादबाईंनी लिहिलं. आणि आम्ही सगळे मनातल्या मनात, शरम वाटली तरी, सुटलो असं म्हणतो तोच कंपनीचा अर्ज आला. साडूभाऊंनी संपूर्ण प्रकरणात अवाजवी वर्तन केलं, सबब कंपनीच्या वकिलांचा सगळा खर्च त्यांच्याकडून वसूल करावा. कारणं चार. वाजवी तडजोड तीनदा नाकारली. कागदांचा डोंगर केला. जबानीत सात तास वाया घालवले. आणि चौथं कारण, लवादाला भेटवस्तू पाठवून निकालावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला. सोबत पुरावा म्हणून एका चकलीचा रंगीत फोटो. मोडलेल्या चकलीचा. खाली खर्चाचा आकडा होता. ताईंच्या घराचे हप्ते आदल्या वर्षीच संपले होते. तो आकडा वाचून ताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे घर गेलं." साडूभाऊंनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "मी लाच दिली असं म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं. ते त्यांना खरंच कळत नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत होते.

खर्चाच्या अर्जाची सुनावणी फेब्रुवारीत होती. सकाळच्या गाडीनं आम्ही शिकागोला गेलो. साडूभाऊंबरोबर चाकांच्या दोन बॅगा होत्या, त्यांच्या हँडलला अजून भारतवारीच्या विमानाच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. खोलीत लांब टेबल, एका बाजूला वकीलबाई, एका बाजूला आम्ही, टोकाला लवादबाई. पांढरे केस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहरा असा की या बाईनं उभ्या जन्मात माणसांची भांडणं खूप ऐकली आहेत आणि आता घरी जाऊन पाय वर करून बसायचं आहे. तीन वर्षांत त्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांचं तेच झालं होतं.

लवादबाईंनी आधी फराळाचाच विषय काढला. म्हणाल्या, "मला आलेला डबा मी न उघडता, दोन्ही पक्षांना कळवून परत केला. वकीलबाई, तुम्हाला आलेल्या डब्याचं तुम्ही काय केलंत?" वकीलबाईंनी कागद चाळले. "तो आम्ही निकालात काढला." "कसा?" वकीलबाई हळूच म्हणाल्या, "ब्रेकरूममध्ये, कॉफीबरोबर. दोन दिवसांत." लवादबाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्या हसत होत्या, पण मी शपथेवर सांगणार नाही.

मग त्या साडूभाऊंकडे वळल्या. तिसऱ्या वेळची रक्कम तुम्हाला इथे मिळू शकली असती त्यापेक्षा जास्त होती, ती का नाकारलीत? साडूभाऊंनी लगेच वाकून पहिल्या बॅगेची चेन उघडली. लवादबाई म्हणाल्या, "कागद नकोत. नुसतं सांगा." मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रिकाम्या हातांनी बोलताना पाहिलेलं नव्हतं. ते उभे राहिले, हातांचं काय करावं ते कळेना, शेवटी टेबलावर टेकवले. मुद्दा पहिला म्हणाले नाहीत. साध्या इंग्रजीत सांगितलं की मी बावीस वर्षं सही करत होतो. जे बरोबर होतं त्यावर केली, जे नव्हतं त्यावर केली नाही, म्हणून मला वेळ लागायचा. शेवटच्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला, त्यात लिहिलं होतं की मला वेळ लागतो आणि हा दोष आहे. त्यावर सही करायची होती. "आय कुड नॉट साइन, मॅडम. इट वॉज नॉट करेक्ट." आणि ते खाली बसले. मी खिडकीबाहेर नदीवरचा बर्फ बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघणं मला जमलं नसतं.

महिन्याभरानं निर्णय ईमेलनं आला. साडूभाऊंनी प्रिंट काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही वाचा." मी डायनिंग टेबलाशी बसून मोठ्यानं वाचला, एकेक वाक्य मराठीत सांगत. तडजोड नाकारणं दुराग्रहाचं असेल, पण अवाजवी नाही, कारण या माणसाला पैसे नकोच होते. कागद फार होते, पण त्यातला एकही खोटा निघाला नाही. फराळाबद्दल बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या अनुभवात, ज्याला मेहेरबानी विकत घ्यायची असते तो तोच माल, तितकाच मोजून, यादीसह विरुद्ध पक्षाला पाठवत नाही. मात्र जबानीचा दिवस. त्या दिवशी सरळ प्रश्नांना सरळ उत्तरं देता आली असती, ती जाणूनबुजून दिली नाहीत. ते सात तास अवाजवी होते आणि त्या एका दिवसाचा खर्च त्यांनी द्यावा. बाकीचा अर्ज फेटाळला.

घर वाचलं होतं. ताई डोळे पुसत उठल्या आणि रवा भाजायला लागल्या. मी साडूभाऊंकडे पाहिलं, आता हरकतीचे किमान नऊ मुद्दे निघणार म्हणून पेनही काढलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. त्या दिवशी मी चिडलो होतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेक लिहून पाठवला. सोबत पत्र नव्हतं. पावतीसुद्धा मागितली नाही.

आणि माझा फोन वाजायचा बंद झाला. तीन वर्षं मी देवाकडे हेच मागत होतो. पहिल्या सकाळी मला बरं वाटलं, दुसऱ्या सकाळी जाग आली तेव्हा बरोबर सव्वासहा वाजले होते, आणि मग रोजच. ताईंनी हिला सांगितलं की फ्रिजवरच्या चिठ्ठीखाली आता सही नसते. जे पानात पडेल ते जेवतात. बेसमेंटमध्ये डायऱ्यांपाशी बसतात आणि वर येतात. ओळ कंपनीच्या फायलीत होती तिथेच आहे, ती कोणीही काढू शकलं नाही, लवादबाईसुद्धा नाही, आणि ते त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं होतं.

मार्चच्या शेवटी अवेळी बर्फ पडला. सकाळी मी खिडकीशी गेलो तर साडूभाऊ आमच्या ड्राइव्हवेवर फावडं मारत होते. मी बाहेर गेलो नाही, पडद्याआडून बघत राहिलो. पाऊण तास लागला त्यांना. कडेपर्यंत गेले, परत आले, दोन ठिकाणी पुन्हा काढलं. मग फावडं खांद्यावर टाकून निघून गेले. मी दाराची फट पाहिली. कागद नव्हता. हीसुद्धा येऊन बघून गेली, पायपुसणंही उचलून पाहिलं. "आता काय झालं यांना," असं म्हणून ती खणाशी उभी राहिली आणि मला एकदम भीती वाटली.

मी टेबलाशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्द्यांचं पत्र लिहिलं.

विषय, बर्फ काढल्यानंतर नोटीस न देणे. मुद्दा पहिला, आज सकाळी आपण आमचा बर्फ काढला, परंतु नेहमीची सूचना दिली नाही. तरी यापुढेही तो काढला जाईल असा समज आम्ही करून घेत आहोत. मुद्दा दुसरा, मी खिडकीतून पाहत होतो. समोरच्या घरी मशीनवाल्या कंपनीच्या माणसानं हेच काम दहा मिनिटांत केलं. आपल्याला पाऊण तास लागला. मुद्दा तिसरा, समोरच्या घराच्या कडेला बर्फ राहिला आहे. आमच्या कडेला राहिलेला नाही. आपल्या कामाचा वेग कमी आहे आणि काम बरोबर आहे. हे मी लेखी देत आहे.

खाली सही केली. सही करणं मला जमतं. पण ही सही करताना मला वेळ लागला. मग बूट चढवून दोन गल्ल्या चालत गेलो आणि त्यांच्या दाराच्या फटीत कागद सरकवून, बेल न वाजवता परत आलो.

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सकाळी सव्वासहाला फोन वाजला. ही झोपेतच म्हणाली, "घे लवकर."

"मुद्दा पहिला," साडूभाऊ म्हणाले आणि थांबले. तिकडून नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मागे ताईंची भांडी. मी फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात उभा राहिलो. बाहेर उजाडत होतं. ते बोलेपर्यंत मी थांबणार होतो, मला काही घाई नव्हती.